पंच्याण्णव नंबरचं पेट्रोल

"…म्हणजे सही करणार का नाही, तेवढं सांगा वस्ताद. बाकीचं राहू दे."

बाबालाल वस्तादांनी कागद लांब धरून बघितला. मग जवळ आणून बघितला. मग परत लांब धरला. चष्मा कपाळावरच होता, तो खाली ओढावा असं काही त्यांना वाटलं नाही.

"वाचून दाखवू का?"

"दाखीव की."

भरतेश मगदूमनं कागद हातात घेतला आणि घसा खाकरला.

"'मी, बाबालाल हुसेन मुजावर, मोटार मिस्त्री, अनुभव वर्षे बावन्न. डॉक्टर मेधा तेंडोलकर यांच्या गाडीचे इंजिन मी स्वतः तपासले आहे. घाटाच्या पायथ्याच्या पंपावरील पेट्रोलमध्ये भेसळ असल्यामुळेच पिस्टन फुटला, असे माझे ठाम मत आहे.' खाली तुमची सही."

वस्तादांनी मान डोलावली.

"झकास लिवलंय. माझं ठाम मत मला बी आत्ताच कळलं."

आत चुलीपाशी वस्तादांच्या पत्नी हाफिजाचाची खुदकन हसल्या.

भरतेश हसला नाही. हसण्यासारखं त्याच्यापाशी त्या दुपारी काही नव्हतं.

हा भरतेश वस्तादांच्याच हाताखाली सात वर्षं काढलेला गडी. गगनबावड्याच्या रस्त्याला, चिंचेखालच्या याच पत्र्याच्या शेडात त्यानं पहिला पाना धरला. पुढं पुण्याला जाऊन कोर्स केला आणि कोल्हापुरात स्वतःचं गॅरेज टाकलं. काचेची केबिन, गाडी वर उचलायचे दोन रॅम्प, टेबलावर लॅपटॉप. टर्बोची गाडी म्हटली की लोक त्याच्याकडं जायचे. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. भरतेश लॅपटॉप जोडायचा आणि त्या पंख्याला आणखी हवा कोंबायला लावायचा. गाडी घाटात नुसती उधळायची. लोक खूश, भरतेशही खूश.

गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आधी मी गाडीचा आजार सांगतो, असं तो चारचौघांत सांगायचा. आणि बहुतेक वेळा ते खरंही असायचं. तिथंच सगळा घोळ होता.

तेंडोलकर मॅडम जनावरांच्या डॉक्टर. घाटावर आणि घाटाखाली त्यांची सारखी फिरती. औषधांची खोकी, लशींचे डबे, वर दोन मदतनीस, अशी गाडी कायम भरलेली. चढाला ओढ कमी पडते म्हणून दोन महिन्यांमागं त्यांनीही भरतेशकडून टर्बोचा दाब वाढवून घेतला. गेल्या मंगळवारी घाटाच्या ऐन मधोमध गाडीनं जीव टाकला. उघडून बघितली तर पिस्टन फुटलेला.

भरतेशनं त्यांना सांगून टाकलं, पेट्रोलात भेसळ आहे.

आता मॅडम उद्या सकाळी पुरवठा खात्याकडं अर्ज देणार होत्या. अर्जाला जाणत्या मिस्त्रीचा दाखला हवा. तो लागला की पंपाला सील बसणार. घाटाखाली त्या बाजूला तेवढाच एक पंप, जनू झोरे नावाच्या माणसानं तीन वर्षांमागं मोठ्या खटपटीनं सुरू केलेला.

झोऱ्याचं वाईट व्हावं असं भरतेशच्या मनात नव्हतं. झोऱ्याचं तोंडही त्यानं नीट पाहिलेलं नव्हतं. कुणाचं तरी नाव खराब होणारच असेल तर ते आपलं नको, एवढंच त्याचं म्हणणं.

आणि बाबालालची सही म्हटल्यावर जिल्ह्यात कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे.

"इंजिन बघितल्याबिगर सही कशी करू?" वस्ताद म्हणाले.

"तुम्ही कशाला तेवढ्या लांब येताय? पिस्टनच आणलाय."

भरतेशनं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला पिस्टन काढला आणि बाकड्यावर ठेवला. वस्तादांनी तो उचलला. डोळे मिटून कडेवरनं अंगठा फिरवला. वरची कड घुशीनं कुरतडल्यागत झाली होती. रिंग बसायची खाच एका अंगानं तुटून पडलेली.

बराच वेळ त्यांचा अंगठा तिथंच फिरत राहिला.

"गाडी बंद पडायच्या आदी…"

"आवाज येत होता. टकटक. डब्यात हरभरे हलवल्यासारखा. मॅडम म्हणाल्या."

वस्ताद थांबले. पिस्टन उलटा केला.

"टाकीत त्यास्नी…"

"साधंच. एक्क्याण्णव. त्या पंपावर दुसरं मिळतच नाही."

वस्ताद परत थांबले.

"आन तू…"

"मी सांगितलं होतं की! टाकीच्या झाकणाला आतून स्टिकर लावलाय. लाल अक्षरात. 'फक्त पंच्याण्णव.' माझ्या कामात चूक सापडायची नाही वस्ताद. तुम्हीच शिकवलंय."

वस्तादांनी पिस्टन खाली ठेवला आणि रस्त्याकडं बघत बसले. उसाची एक ट्रॉली धुरळा उडवत गेली. 

चाचींनी चहा आणला. भरतेशनं कप तोंडाला लावला आणि तसाच झटकन मागं घेतला.

"भाजलं?" चाची म्हणाल्या. "बशीत ओत की. शेडात आलास त्या दिवशी बी भाजलं हुतं तुझं. एवढा मोठा मालक झालास, चहा प्यायचं काय अजून जमंना."

"घाई आहे चाची. पाचच्या आत मॅडमकडं कागद पोचवायचाय."

"पाचला अजून लई येळ हाय."

वस्तादांनी चहा बशीत ओतला. फुंकर न घालता नुसता धरून बसले.

"भरतेश, त्यो नंबर कशाचा असतोय रे? एक्क्याण्णव, पंच्याण्णव?"

भरतेशला हसू आलं. "ऑक्टेन! वस्ताद, हे तुम्ही मला विचारताय?"

"इचारतोय खरं."

"ऑक्टेन म्हणजे इंधनाची नॉकिंगला प्रतिकार करण्याची क्षमता." कोर्सच्या पुस्तकात चौकटीत छापलं होतं तसंच त्यानं म्हणून दाखवलं.

"आस्सं. आता हिला सांग."

चाची कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "सांग बाबा. मला एक घासलेट तेवढं कळतंय."

"म्हणजे… चाची, एक्क्याण्णव साधं. पंच्याण्णव भारी. त्यात ताकद जास्त. जास्त जोरात पेटतं."

चाचींनी बाकड्यावरच्या पिस्टनकडं बघितलं.

"मग जोरात पेटणारं घातलं असतं तर ह्यो वाचला असता, आन कमी पेटणारं घातलं म्हणून फुटला?"

"हो."

"उलटंच की रे हे!"

  दोनशे गाड्यांचे नंबर त्याला पाठ होते. कुठल्या गाडीला किती दाब चालतो, किती चालत नाही, झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. पण चूल सांभाळणाऱ्या बाईनं विचारलेलं त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं.

वस्ताद उठले. कोपऱ्यात सायकलला हवा भरायचा हातपंप उभा होता, जुना, पितळी. तो त्यांनी आणला, नळीचं तोंड अंगठ्यानं गच्च दाबून धरलं आणि दांडा भरतेशपुढं केला.

"दाब."

"वस्ताद, हे…"

"दाब रं."

भरतेशनं दाबला. हवा बाहेर जायला वाट नव्हती, दांडा निम्म्यावर अडला. त्यानं जोर केला. एकदा, दोनदा, दहादा, वीसदा. कपाळावर घाम आला.

"आता हात लाव. खालच्या अंगाला."

भरतेशनं पंपाला हात लावला आणि पटकन काढून घेतला.

"आग कुठं हुती?" वस्तादांनी विचारलं.

"आग नव्हती. दाबल्यानं तापलं."

"तुझा टर्बो दुसरं काय करतोय? दाबतोय. तू लॅपटॉप लावून आणिक दाबायला सांगितलंस. आता त्या दाबात, त्या तापात पेट्रोल येऊन पडतंय. ठिणगी अजून पडलेली न्हाई. पिस्टन वर येतोयच. साध्याला तेवढं सोसत न्हाई. ते ठिणगीच्या आदीच भडकतंय. पिस्टन वर येतोय आन हे वरनं त्याच्या डोस्क्यात हाणतंय. टक. टक. टक. ह्येच तुझं नॉकिंग."

त्यांनी तुटलेल्या कडेवर नख वाजवलं.

"आणि पंच्याण्णव?" भरतेशनं विचारलं. या वेळी जरा सावकाश.

"ते बी पेटतंयच की. न पेटून जातंय कुठं? पण बोलावल्यावर पेटतंय."

"ताकद?"

"ताकद दोघांची सारखीच म्हण. भारी पेट्रोलाला काय जास्तीचं येत आसंल, तर दबलेलं आसताना गप बसायला येतंय."

चाची म्हणाल्या, "आता कळलं मला," आणि आत गेल्या.

 भरतेशचे डोळे चमकले.

"म्हणजे वस्ताद, बघा! मी म्हणतोय तेच झालं. साधं एक्क्याण्णव एकदा घातलं तर एवढा फुटायचा नाही. त्यात घासलेट मिसळलेलं असणार, नंबर आणखी खाली गेला असणार. दोष पंपाचाच. मग आता सहीला काय…"

"भरतेश."

"हां?"

"एक इचारू? तू सकाळधरनं…"

"नमुना आणलाय! विसरलोच. टाकीतून काढलेलं पेट्रोल आहे हे." त्यानं पिशवीतून काचेची लहान बाटली काढली. "तुम्ही मागणार हे माहीतच होतं मला."

वस्तादांनी बाटली घेतली. बाकड्यावर ठेवली.

"मी काय इचारणार हुतो?"

"नमुना आणलास का म्हणून."

"न्हाई. सकाळधरनं काय खाल्लंस का, हे इचारणार हुतो."

भरतेशनं काही खाल्लं नव्हतं. सकाळपासून पाण्याशिवाय पोटात काही गेलं नव्हतं, आणि ते वस्तादांना तोंडावरून दिसलं होतं. गॅरेजातल्या दहा माणसांना दिसलं नव्हतं, घरातून निघताना खुद्द बायकोलाही दिसलं नव्हतं. 

आतून भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला.

या शेडात एक रीत होती. गिऱ्हाइकाचं सांगून होईतोवर बॉनेटला हात लावायचा नाही. कुणी गाडीचं सांगता सांगता भावकीचं सांगे, कुणी पोरीच्या लग्नाचं. वस्ताद पाना मांडीवर ठेवून ऐकत बसायचे. एकदा एका बागायतदारानं तासभर जावयाचं गाऱ्हाणं सांगितलं, आणि उठता उठता म्हणाला, हां, परवा त्यानं गाडी ओढ्यातनं काढली होती. तेव्हा कुठं वस्तादांनी बॉनेट उघडलं. भरतेशला त्या तासाचा तेव्हा भारी राग आला होता. एवढ्या वेळात आपण दोन गाड्या काढल्या असत्या, असं तो पुढं कितीतरी दिवस सांगत होता.

स्वतःच्या गॅरेजात त्यानं ती रीत काही नेली नाही.

वस्तादांनी बाटलीचं बूच काढलं. वास घेतला. इकडंतिकडं बघितलं.

"कागद पायजे एक. पांढरा, कोरा."

"डायरीतला देऊ?"

"त्येला रेघा असत्यात." त्यांची नजर फिरत फिरत दाखल्यावर आली. वर टाइप केलेल्या ओळी, खाली सहीपुरती मोकळी पांढरी जागा. "ह्यो चालतोय की."

भरतेश काही म्हणायच्या आत त्यांनी बाटलीत करंगळी बुडवली आणि सहीच्या जागेवर एक थेंब सोडला.

थेंब पसरला. कागद ओला होऊन आरपार दिसायला लागला. रुपयाएवढा गोल.

दोघं वाकून बघत राहिले.

पेट्रोलात घासलेट असलं की थेंब वाळला तरी कागदावर तेलकट डाग राहतो. हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक. भरतेशलाही ठाऊक होतं. त्याच्या टेबलाच्या खणात त्यासाठीचे खास कागद पडलेले होते. पाच दिवसांत त्यानं खण उघडला नव्हता.

गोल लहान होत गेला. कडेनं वाळला, मग मधून वाळला. वाऱ्यानं कागदाचं टोक फडफडलं. वस्तादांनी त्यावर बोट ठेवलं.

…

कागद कोरा झाला. डाग नाही, कड नाही. जसा होता तसा.

वस्तादांनी कागद उचलून उन्हाकडं धरला. आता त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. नीट बघितलं आणि कागद भरतेशच्या हातात दिला.

"घे."

"सही…?"

"केली की."

भरतेश त्या मोकळ्या जागेकडं बघत उभा राहिला. वर लिहिलं होतं, भेसळ आहे, माझे ठाम मत आहे. खाली काही नव्हतं.

चाचींनी भाकरी, पिठलं आणि कांदा असं ताट आणून बाकड्यावर ठेवलं. भरतेशनं ताटाला हात लावला नाही.

"वस्ताद," तो म्हणाला. आवाज खाली आला होता. "मॅडमनी त्या दिवशी पंपावरून मला फोन केला होता."

वस्तादांनी ताटातला कांदा हातात घेतला.

"तेव्हा माझ्या समोर दोन गाड्या उघड्या होत्या. हेडफोन कानात होता. त्यांनी विचारलं, इथं साधंच पेट्रोल आहे. मी म्हटलं, टाका बिनधास्त, एकदा टाकल्यानं काही होत नाही, मी आहे. स्टिकर मीच लावला होता… पण म्हटलं, एका टाकीनं काय होतंय."

"त्यास्नी काय इचारायचं हुतं?"

"हेच. साधं टाकू का म्हणून."

"त्ये तू सांगितलंस. त्यास्नी पुरतं काय इचारायचं हुतं?"

भरतेशनं आठवून बघितलं. पंपावरचा कलकलाट आठवला. 'इथं साधंच आहे, आणि झोरे म्हणतात…' एवढं आठवलं. पुढं त्याचाच आवाज होता. टाका बिनधास्त. मी आहे. मग त्यानं फोन ठेवला होता. मॅडमनी नव्हता ठेवला, त्यानं ठेवला होता.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

हे वाक्य तो या शेडातून गेल्यापासून कधी बोलला नव्हता.

वस्तादांनी ताट त्याच्याकडं जरासं सरकवलं. 

भरतेशनं खिशातून फोन काढला. थोडा वेळ नुसता हातात धरला. मग लावला.

"मॅडम, भरतेश बोलतोय… नाही, कागदाचं नाही. मंगळवारी तुम्ही पंपावरून फोन केला होता. तुम्हाला काय विचारायचं होतं?"

पलीकडून मॅडमचा आवाज आला.

"आता विचारताय?"

"हो मॅडम. तेव्हा मी ऐकून घेतलं नाही."

"सांगू? मधे बोलणार नाही ना?"

भरतेश म्हणणार होता, नाही नाही, बोला तुम्ही. त्यानं तेही गिळलं.

मॅडम सांगायला लागल्या. त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"झोरे पेट्रोल घालायलाच तयार नव्हते. झाकण उघडलं आणि त्यांनी तुमचा तो स्टिकर वाचला. म्हणाले, बाई, आमच्याकडं पंच्याण्णव नाही. गाडी भरलेली दिसतेय, पुढं घाट आहे. आमचं घालून चढू नका. उद्या सकाळी माझा भाचा कणकवलीहून येतोय, तो तुमच्यापुरतं भारी पेट्रोल घेऊन येईल. आजची रात्र आमच्या घरी रहा, बायको आहे, पोरं आहेत. मला घाई नव्हती हो. दुसऱ्या दिवशी माझं लशींचं शिबिरही नव्हतं. लशी सगळ्या संपल्या होत्या. मला फक्त तुम्हाला एवढंच विचारायचं होतं, की थांबू का?"

भरतेशचं तोंड उघडलं. वस्ताद त्याच्याकडं बघत नव्हते. ते कांद्याची पाकळी सोलत होते. भरतेशनं तोंड मिटलं.

"तुम्ही म्हणालात, टाका बिनधास्त. मग मीच झोऱ्यांना म्हटलं, घाला, माझे मेकॅनिक म्हणतायत. ते म्हणाले, ते जास्त शिकलेत, त्यांना कळत असेल. आणि घातलं. घाटात टकटक सुरू झाली तेव्हा मी तुम्हाला परत लावला होता. एंगेज होता."

…

"परवा तुम्ही म्हणालात भेसळ. मला त्या माणसाचं तोंड आठवत राहिलं. पण तुम्ही म्हणताय म्हणजे असेल. तुम्हाला जास्त कळतं. म्हणून मी अर्ज लिहून ठेवला. पण तो पाकिटात घालवेना. झालं माझं. बोला आता."

 भरतेशकडं उत्तरं चार होती. एका टाकीनं एवढं होत नाही, चढ जास्त होता, ओझं जास्त होतं, आवाज आल्यावर तुम्ही गाडी थांबवायला हवी होती. चारही खरी वाटण्यासारखी होती. ती एकेक करून वर आली. त्यानं एकेक करून जाऊ दिली. या सगळ्याला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ मॅडमनी फोन धरून ठेवला.

"मॅडम," शेवटी तो म्हणाला. "पेट्रोल चोख आहे. आत्ता तपासलं. झोऱ्यांचं काही चुकलेलं नाही. दाब मी वाढवला, आणि टाका म्हणून मी सांगितलं. चूक माझी आहे. अर्ज देऊ नका. द्यायचाच असला तर माझ्या नावानं द्या."

त्याला अजून बोलायचं होतं. इंजिन मी बांधून देतो, दाब उतरवून देतो, साध्या पेट्रोलवर चालेल अशी गाडी करून देतो, झोऱ्यांकडं मी स्वतः जातो. सगळं ओठावर आलं होतं.

तो थांबला.

फोन चालूच होता. पलीकडं लांबवर एक म्हैस हंबरली. कुणीतरी बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मॅडमचा श्वास ऐकू येत होता, एवढी शांतता. भरतेशनं फोन कानाला घट्ट धरला. हात दुखायला लागला तरी कान बदलला नाही. चाची दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आल्या तशा आत गेल्या.

मग हळूच, कुणी दार आपटू नये म्हणून धरून लावतं तसा, पलीकडून फोन ठेवला गेला.

भरतेश बाकड्यावर बसला. फोन त्यानं मांडीवर ठेवला. थोड्या वेळानं मान वर केली.

"वस्ताद… त्या काहीच बोलल्या नाहीत."

"व्हय," बाबालाल म्हणाले. "नीट ऐकलंस न्हवं?"